पोढी, शेत आणि व्याज

इरिल नावाच्या एका यवनाने जुन्नरच्या डोंगरात पाण्याची दोन टाकी खोदवून दिली. तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेली ओळ एवढेच सांगते: दाता यवन, नाव इरिल, ‘गत’ लोकांपैकी, दान दोन पोढ्या. राजाचे नाव नाही, वर्ष नाही. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. गडकोट फिरणाऱ्यांना असली टाकी नवी नाहीत. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचे पाणी कितीतरी जणांनी ओंजळीने प्यायलेले असेल. पण इरिलच्या टाक्यांना पावती आहे, आणि ती पावती इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली आहे.

जुन्नर म्हटले की शिवनेरी आणि शिवनेरी म्हटले की शिवजन्म, हे आपल्या मनात इतके पक्के आहे की गडाच्या पायथ्याचे गाव त्या सावलीत दिसेनासे होते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखदेखील आपल्याला कागदानेच दिली. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही नोंद असलेली जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तोवर जन्मतिथीबद्दल बखरींचे सांगणे वेगळेच होते. कागदाची ताकद ती. पायथ्याच्या गावाला मात्र अशी एकही शकावली नाही. ते गाव जोडावे लागते ते दानलेखांतून, परदेशी वाटसरूंच्या टिपणांतून, बखरीतल्या एखाद्या वाक्यातून. पुढची मांडणी अशा लेखी साधनांवरच उभी आहे. पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली वगैरे गोष्टी ऐकायला गोड आहेत, पण इथे त्यांचे काम नाही.

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत लांबलचक लेख गावात नाही, गावाच्या पश्चिमेला नाणेघाटात आहे. कोकणातून चढून आलेली वाट जिथे पठाराला लागते, तिथल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याकडे लक्ष वेधले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो बारकाईने वाचला, ब्यूलरने १८८३ मध्ये त्याचे संपादन केले आणि पुढे वा. वि. मिराशींपर्यंत कित्येकांनी त्यातल्या तुटलेल्या जागा भरण्याचा प्रयत्न केला. महिना महिना उपवास करणारी, घरात राहूनही तापसीसारखी वागणारी अशी राणीची ओळख त्यात येते. त्यानंतर सुरू होते यज्ञांची आणि दक्षिणांची यादी: अश्वमेध, राजसूय, गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापणे, म्हणजे त्या काळची नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, पण डोक्यांवरची नावे शाबूत आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन.

या लेखावर सातवाहनांच्या वंशावळीसाठी खूप शाई खर्च झाली. मला त्याची जागा जास्त बोलकी वाटते. एवढा वैदिक यज्ञांचा पसारा कोरायचा तर तो राजधानीत कोरावा, एखाद्या तीर्थावर कोरावा. तो कोरला आहे ओझ्याखाली वाकलेली जनावरे जिथे श्वास घ्यायला थांबत असतील अशा खिंडीत. वाचणारा कोण, हे कोरवणाऱ्याला ठाऊक होते. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी पडत असे सांगतात. रांजणावर तसे काही लिहिलेले नाही, म्हणून त्याला पुरावा म्हणता येणार नाही. घाटाचे नाव आणि लेखाचे ठिकाण मात्र एकाच दिशेला बोट दाखवतात. पेरिप्लस या ग्रीक खलाशी-ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कल्याणहून पठारावर यायचे तर हा घाट, आणि घाट चढून पुढे निघाले की कुकडीच्या खोऱ्यात जुन्नर.

आता गावाकडे येऊ. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत: उत्तरेला कुकडीपलीकडे लेण्याद्री, दक्षिणेला मानमोडी, खुद्द शिवनेरीचे कडे, पश्चिमेला तुळजा लेणे. तुळजाचा चैत्य गोल आहे. स्तूपाभोवती बारा खांबांचे कडे आणि वर घुमट, अशी रचना महाराष्ट्रात इतरत्र सहसा दिसत नाही. लेण्याद्रीवर अष्टविनायकांतल्या गिरिजात्मजाला जाणारे भाविक ज्या भव्य दालनात शिरतात ते सातव्या क्रमांकाचे लेणे, म्हणजे भिक्षूंचा विहार. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह, आणि त्यावरचा लेख सांगतो की ते कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाने, सुलसदत्ताने दिले. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा, सोनार म्हणा की खजिनदार. नाणेघाटाच्या वाटेने वर आलेले कल्याणचे सोने लेण्याद्रीच्या कातळात असे जिरले.

दात्यांची यादी वाचत गेले की गाव हळूहळू उभे राहू लागते. शिवनेरीवर वीरसेनक नावाच्या गृहपतिप्रमुखाने चैत्यगृह दिले, ‘सर्व लोकांच्या हितसुखासाठी’ असा हेतू नोंदवून. भरुकच्छाहून, म्हणजे भडोचहून, आलेल्या अससमाच्या दोन मुलांनी, बुधमित आणि बुधरखित यांनी, दोन खोल्यांचे लेणे दिले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, म्हणजे भिक्षूंची पंगत बसायची जागा. मानमोडीच्या भूत लेण्यात, जिथे दर्शनी कमानीत गजलक्ष्मी कोरली आहे, तिथे चंद नावाच्या यवनाने गर्भद्वाराचा खर्च उचलला. धम्मुत्तरीय पंथाच्या भिक्षुणींच्या निवासाचाही एका लेखात उल्लेख आहे. एकाच माणसाने सगळे लेणे दिले असे फार कमी वेळा दिसते. दार एकाचे, टाके दुसऱ्याचे, मंडप तिसऱ्याचे. देवळाच्या जीर्णोद्धारात पायरीपायरीवर देणगीदारांची नावे बसवलेली आपण पाहतो, तोच हिशेब.

यवन, म्हणजे मुळात ग्रीक, या शब्दाने अभ्यासकांना बराच चकवा दिला आहे. स्टेन कोनोने ‘गत’ म्हणजे युरोपातले गॉथ असा तर्क लढवला होता. तर्क देखणा होता, पण एका शब्दावर एवढी मोठी इमारत उभी करता येत नाही. इरिल, चिट, चंद ही नावे ग्रीक वाटत नाहीत. पश्चिमेकडून समुद्रमार्गे आलेले किंवा आलेल्यांचे वंशज असलेले, इथल्या भाषेत दान लिहिणारे आणि इथल्या संघाला पाणी पाजणारे लोक, एवढे या तीन ओळींतून नक्की म्हणता येते. माझ्या मते तेवढे पुरे आहे. ते अथेन्सचे होते की सिंधचे, याने जुन्नरच्या बाजारपेठेचे चित्र फारसे बदलत नाही.

मानमोडीवरचे लेख या सगळ्यांत मोलाचे, कारण तिथे दगडावर अर्थव्यवहार उतरला आहे. आडुथुम नावाचा एक शक उपासक कोणाचिक श्रेणीशी जोडलेला दिसतो. त्याने वडालिका इथे करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि कटपुतक इथे वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमीन दिली. निवर्तन हे जमिनीचे माप, पण त्याचा आकार वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळा असल्याने ते एकरांत बसवण्याचा मोह आवरलेला बरा. करंज कशासाठी, याला लेख उत्तर देत नाही. मात्र करंजीचे तेल दिव्याला आणि औषधाला आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत वापरात होते, आणि शेकडो खोल्यांच्या त्या अंधाऱ्या डोंगराला तेल लागत असणार हे सांगायला विद्वान नको. हा माझा अंदाज आहे, शिलालेखाचे विधान नव्हे.

दुसऱ्या एका लेखात पैसा येतो. बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे महिना पावणेदोन, कासारांच्या श्रेणीकडे पाव. वाक्य इतके आखूड आहे की हा व्याजाचा दर समजावा की व्याजाची रक्कम, असे दोन अर्थ लागू शकतात. तुलनेला नाशिकचा लेख हाताशी आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे गोवर्धनाच्या विणकरांच्या दोन श्रेणींत ३,००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून गुंतवली: २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच काढायचे नाही, व्याजातून भिक्षूंना चीवरे. जुन्नरचे आकडे याच दराने लावले, म्हणजे दरमहा शेकडा एक धरला, तर पावणेदोन हे १७५ वरचे आणि पाव हे २५ वरचे व्याज होते. ही जुन्नरची ठेव मानायची तर ती राजजावयाची नव्हे, मध्यम ऐपतीच्या माणसाची. उलट पावणेदोन हा दरच मानला तर बुरुडांच्या श्रेणीला नाशिकच्या विणकरांपेक्षा महाग पैसा घ्यावा लागत होता असे म्हणावे लागेल, आणि त्याच गावात कासार मात्र पाव टक्क्याने पैसा घेत होते असे मानावे लागेल. एकाच गावात दरांत सात पटींचा फरक पटत नाही. म्हणून मी रक्कम हा अर्थ धरतो.

कोणताही अर्थ घेतला तरी एक गोष्ट हलत नाही. बुरूड आणि कासार या दोन धंद्यांच्या संघटना त्या काळी इतक्या विश्वासाच्या होत्या की लोक त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांसाठी पैसा ठेवत. आपल्या आजच्या सामाजिक उतरंडीत बुरुडाला कोणी बँकर समजणार नाही. जुन्नरने समजले होते, आणि दगडावर तसे लिहिले होते.

इथेच थोडे थांबून सावध व्हायला हवे. हे सारे लेख देणाऱ्यांचे आहेत. ज्याने दिले नाही तो दिसत नाही. टाके ज्याने छिन्नीने खोदले त्या पाथरवटाचे नाव यांपैकी एकाही ओळीत नाही. शेते दान झाली, पण ती शेते आधी कोण कसत होते आणि दानानंतरही तेच कसत राहिले का, यावर लेख गप्प आहेत. शेताशेजारच्या डोंगराचे नाव मात्र त्यांनी जपले. दानलेखातला ‘मानमुकुड’ म्हणजेच आजचा मानमोडी हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. गंमत अशी की डोंगराचे नाव टिकले आणि गावाचे नाही. लेखांत गावाचा स्वच्छ नामोल्लेख सापडत नसल्याने ग्रीक लेखकांचे तगर म्हणजेच जुन्नर असे भगवानलालांना वाटले होते. पुढे फ्लीटने तगर म्हणजे धाराशिवजवळचे तेर हे दाखवून दिले आणि जुन्नर पुन्हा निनावी झाले.

राजाचे नाव आणि वर्ष दोन्ही देणारा लेख इथे एकच. महाक्षत्रप स्वामी नहपान याचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने मानमोडीवर पोढी आणि मंडप दिला, वर्ष ४६. हे वर्ष शक संवताचे धरले तर इसवी सन १२४ येते. ते नहपानाच्या स्वतःच्या राजवटीचे असावे असे मानणारे त्याला पहिल्या शतकात मागे नेतात. नहपानाची आतापर्यंत मिळालेली शेवटची तारीख हीच. त्यानंतर गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला संपवले. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांवर नहपानाचा छाप होता आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. नाण्यांवर सत्तांतर असे ठसठशीत उमटते. मानमोडीवर त्याची काहीच खूण नाही. अयमाच्या टाक्यावर कोणी दुसरा ठसा मारला नाही.

तिसऱ्या शतकानंतर जुन्नरच्या कातळावरची लिखापढी थांबत जाते. त्यापुढच्या हजारेक वर्षांबद्दल हाताशी येणारे फार थोडे, म्हणून इतिहासकाराने तिथे उगीच पाल्हाळ लावू नये. कुकडीच्या उगमाजवळ पूरचे कुकडेश्वर मंदिर आहे आणि घाटवाटांवर चावंड, हडसर, जीवधन उभे आहेत. वाट चालू होती एवढे त्यावरून कळते.

गाव पुन्हा बोलू लागते ते पंधराव्या शतकात, आणि तेही रशियन भाषेत. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन १४६९ ते १४७२ च्या दरम्यान चौलला उतरला, घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळा इथे अडकून पडला. त्याच्या टिपणांची प्रत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करमझिन या रशियन इतिहासकाराला एका मठात सापडली. इंग्रजी भाषांतर १८५७ साली छापले गेले. मायदेशी पोहोचण्याआधीच निकितिन वाटेत वारला. त्याने जे लिहिले ते स्वतःसाठी लिहिले, म्हणून त्यात दरबारी मुलामा नाही.

तो सांगतो की शहर एका दगडी डोंगरावर आहे, त्याला माणसाने नव्हे तर देवाने तट घातला आहे आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद आहे की दोघांना एकदम चालता येत नाही. हे वर्णन पायथ्याच्या गावापेक्षा शिवनेरीला जास्त जुळते, म्हणजे खानाचे ठाणे त्याला गडावर दिसले. खानाचे नाव असदखान, आणि तो मलिक-उत्-तुज्जारचा, म्हणजे बहमनी वजीर महमूद गावानचा माणूस. चार महिने दिवसरात्र पाणी आणि चिखल, आणि त्याच चिखलात नांगरणी आणि पेरणी चालू, हे पाहून तो चकित होतो. जिथे बर्फात शेत झोपते तिथून आलेल्याला मावळातला आषाढ असाच दिसणार. या देशात घोडी निपजत नाहीत, ती समुद्रमार्गे येतात. इथे बैल आणि म्हशी. घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडीही घालतात, असेही तो लिहितो. पांथस्थ सरायांत उतरतात आणि तिथल्या बाया त्यांना रांधून घालतात, याचीही त्याने नोंद केली आहे.

निकितिनने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. त्यावर त्याचे शंभर रूबल खर्च झाले होते. तो मुसलमान नसून ख्रिस्ती आहे हे कळल्यावर असदखानाने घोडा काढून घेतला आणि सांगितले की आमच्या धर्मात ये, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडाही गेला आणि दंडही बसेल. विचाराला चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपायच्या बेतात मुहम्मद नावाचा एक खुरासानी तिथे आला. निकितिनने त्याच्यापुढे गाऱ्हाणे घातले, त्याने खानाकडे रदबदली केली, आणि घोडा परत मिळाला. धर्मही राहिला. आपल्या देशबांधवांना त्याने यावरून सल्ला दिला की हिंदुस्थानात यायचे असेल तर धर्म घरी ठेवून या.

या गोष्टीत लोक धर्मछळ वाचतात, आणि तो आहेच. पण मला त्यातला बाजार दिसतो. समुद्रमार्गे आलेल्या एका अरबी वा इराणी घोड्यावरून सुभेदार हजार मोहरांची भाषा बोलतो. ज्याच्याकडे घोडा त्याच्याकडे फौज, असा तो काळ. घोडे चौलला उतरत आणि घाट चढून जुन्नरला येत. कल्याणहून येणाऱ्या सोन्यासारखीच ही बंदरावरून घाटमाथ्याला येणारी वाट, फक्त बंदर आणि माल बदललेले. आणि या गावात परका परक्यासाठी शब्द टाकतो, तोही एक खुरासानी रशियनासाठी. मानमोडीवर यवन, शक आणि भडोचकर जसे एका डोंगरात भेटले, तसेच हे.

पुढचा काळ राजकारणाच्या इतिहासात भरपूर लिहिला गेला आहे, त्यामुळे धावते घेतो. १४९० मध्ये मलिक अहमदने इथूनच निजामशाही उभी केली आणि चारच वर्षांत राजधानी नव्या अहमदनगरला नेली. शहर मागे राहिले पण गरीब झाले नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नर मारले; तिथून दोनशे घोडी आणि तीन लाख होनांची मत्ता मिळाल्याचे सभासदाची बखर सांगते. बखरीच्या आकड्यांना चाळणी लावूनच घ्यावे, पण लुटीतली पहिली वस्तू घोडी असावी, हे निकितिन वाचलेल्याला अनपेक्षित वाटत नाही.

अठरा वर्षांनी, १६७५ च्या उन्हाळ्यात, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरला आला. मोगल सुभेदार मुखलिसखानाने त्याला उपचारासाठी बोलावले होते. त्याचे पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. जनानखान्यातल्या रुग्णाला तपासायला गेल्यावर पडद्याआडून त्याच्यापुढे एक हात आला. नाडी पाहून त्याने सांगितले की ही बाई ठणठणीत आहे. होतीही; परीक्षा पाहायला एका धडधाकट दासीचा हात पुढे केला होता. त्यानंतर खऱ्या आजारी बाईचा हात आला. पुढे एकदा पडदा अचानक गळून पडला आणि आत त्याला सोलून ठेवलेले आंबे आणि फळे, लोणच्यांची तयारी आणि भरतकाम दिसले. लढाया, खंडण्या आणि वेढे यांच्या ढिगाऱ्यात सतराव्या शतकातल्या जुन्नरच्या एका घरातले लोणचे आपल्याला सापडते ते एका इंग्रज वैद्याच्या वहीत. शिवनेरीवरही तो जाऊन आला. गडावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा शिधा असल्याचे त्याला सांगण्यात आले. येताना तो अवघड घाटाने चढला, परतताना नाणेघाटाने उतरला. नागनिकेचा लेख वाचणारे तेव्हा कोणी नव्हते.

या काळापर्यंत जुन्नर स्वतःच कागद बनवू लागले होते. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला जुन्नरी कागद दौलताबादी आणि अहमदाबादी कागदाबरोबर मराठी दफ्तरांत वापरला जाई आणि १८८५ च्या पुणे गॅझेटिअरने या धंद्याची नोंद घेतली आहे. तो धंदा गिरणीच्या कागदापुढे बसला. इतरांच्या दफ्तरांना कागद पुरवणाऱ्या गावाचे स्वतःचे दफ्तर मात्र विस्कळीतच राहिले. यात खेद करण्यासारखे काही असेल तर एवढेच की दोन हजार वर्षे या गावाबद्दल लिहिणारे बहुतेक बाहेरचे आहेत: कल्याणचा सोनार, भडोचचे भाऊ, क्षत्रपाचा अमात्य, त्वेरचा व्यापारी, लंडनचा डॉक्टर. गावकरी दिसतात ते बुरूड आणि कासार म्हणून, धंद्याच्या नावाने, आणि तेही दुसऱ्याने ठेवलेल्या ठेवीच्या निमित्ताने.

हा दोष आता तरी चालू ठेवण्याचे कारण नाही, आणि म्हणून शेजारच्या आंबेगावाबद्दल बोलायला हवे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. नाणेघाटाकडून जुन्नरला येणारी कुकडीकाठची वाट आता बरीचशी माणिकडोहच्या पाण्याकाठाने जाते. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. त्या जलाशयात ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, नाव मात्र पाण्याखालच्या गावाचे चालू आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात आणि लोक फोटो काढायला जातात.

फोटोंनी गाव जोडता येत नाही. ते जोडायला सातबाराचे उतारे लागतात, भूसंपादनाच्या नोटिसा लागतात, वाण्याची उधारीची वही, शाळेचा हजेरीपट, यात्रेच्या वर्गणीची यादी, लग्नपत्रिका, खरेदीखते लागतात. इरिलची एक ओळ दोन हजार वर्षांनी एवढे सांगते, तर वर्गणीच्या एका यादीतून किती कळेल! ही कागदपत्रे आज पुनर्वसनाच्या वस्त्यांतल्या पत्र्याच्या पेट्यांत आणि माळ्यांवर आहेत, आणि ती सांभाळणारी पिढी आता थकली आहे. तुमच्या घरात जुन्या आंबेगावचा, किंवा डिंभे, माणिकडोह, वडजच्या पाण्यात गेलेल्या कोणत्याही वाडीचा असा एखादा कागद असेल तर तो फेकू नका. मोबाइलवर का होईना, त्याची स्वच्छ प्रत काढा, मागे कोणाचा, कुठला, कधीचा हे लिहा आणि एक प्रत गावच्या शाळेत, एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात द्या.